पाचटाचं हरीण

कारेगावात माझी जी खोली होती तिच्यात दोन माणसं आणि एक स्टोव्ह मावायचा. पाहुणा आला की स्टोव्ह बाहेर. मी जवळच्या एका कंपनीत टूलरूमला लेथवर होतो आणि माझा खोलीतला जोडीदार त्याच कंपनीत पॅकिंगला. तो झारखंडचा. त्याच्या हातची डाळ माझ्या आईच्या डाळीपेक्षा चांगली व्हायची, हे मी आईला अजून सांगितलेलं नाही. पुढं मी जे काही केलं ते मैत्रीखातर केलं असं लोक म्हणतात, म्हणून आधीच सांगून टाकतो, डाळीसाठीही केलं.

चैत्र जवळ आला की हा गडी मुका व्हायचा. त्याच्या गावी जंगलात सालाची झाडं फुलली की घराघरातले पुरुष धनुष्यबाण घेऊन जंगलात जात. बापाचं बोट धरून चालायला लागल्यापासून त्याची ती शिकार चुकली नव्हती. इथं आला आणि चुकायला लागली, कारण मार्चएंडला पॅकिंगवाल्याला शिंकायला सवड नसते, सुट्टी कुठली? त्या दिवसांत तो बूथवरून गावच्या दुकानात फोन लावायचा. तिकडं म्हातारा बाप येऊन बसलेला असायचा आणि एकच विचारायचा, शिकार केलीस का? दोनदा हा खोटं बोलला आणि दोन्ही वेळा म्हाताऱ्यानं ओळखलं. यंदा त्यानं निरोप दिला होता की वर्षाची शिकार होत नसेल तर तसल्या मुलखात राहू नकोस, परत ये.

"कंपनी में सब है," स्टोव्हला पंप मारत तो म्हणाला, "शिकार नहीं है. जाता हूँ मैं."

मी चिडलो. राग आला की माझ्या तोंडून भलतंच निघतं. म्हटलं, "कोण म्हणतं नाही? माझ्या मामाच्या माळावर हरणं आहेत!"

त्याचे डोळे चमकले, आणि मग मलाच उरलेलं सांगावं लागलं. त्या हरणांना कुणी बोट लावत नाही, लावलं तर फॉरेस्टवाले आत टाकतात, आणि टाकायलाच पाहिजे. तो म्हणाला, "जिंदा को नहीं मारना. मालूम है." स्टोव्ह पेटला, डाळ चढली. शेवटी त्यानंच विचारलं, "तुम्हारे यहाँ घास बहुत है ना?"

अशी पाचटाच्या हरणाची कल्पना निघाली.

मामा मांडवगण फराट्याचे. त्यांनी नुकताच आपल्या उसाला लागून असलेला एक मुरमाड माळ विकत घेतला होता. वर्षानुवर्षं दुसऱ्याच्या तारेपलीकडून पाहिलेली जमीन, त्यामुळे त्यांना तिचं भारी कौतुक. आल्यागेल्याला बांधावर नेऊन उभं करायचे. तिथं दगड, हेकळीची काटेरी झुडपं आणि कधीतरी फिरकणारी हरणं, बाकी काही नव्हतं, तरी पाहुण्यानं "वा!" म्हटल्याशिवाय चहा मिळत नसे. मी जोडीदाराची अडचण सांगितली तशी मामांनी मिशीवरून हात फिरवला.

"बाण मारायचा हाय? मार म्हणावं. आपल्याच मालकीचं रान हाय आता. कुणाच्या बापाला इचारायचं न्हाई."

तयारीत पुढचे काही दिवस मजेत गेले. धनुष्याचा बांबू त्यानं आमच्या स्टोव्हवर शेकून वाकवला. बाणांची टोकं मी जेवणाच्या सुट्टीत भंगारातल्या सळईतून लेथवर काढली आणि सवयीनं व्हर्निअर लावून त्यांची मापं घेतली, तेव्हा तो इतका हसला की मला पुन्हा राग आला. पिसं मामांच्या कोंबड्याची. हरीण मामींनी केलं. आत उसाचं पाचट, वर गोणपाट, शिंगांना बाभळीच्या फांद्या आणि डोळ्यांच्या जागी त्यांच्या जुन्या झंपराची बटणं. सगळं एका फळीवर उभं केलं. फळीला लांब दोरी बांधून ती मोटारसायकलनं ओढायची, म्हणजे हरीण पळणार.

"पोट बघू नका फार," मामी मला म्हणाल्या. "म्या त्यात जरा भर घातलीय."

मी पाहिलं नाही. घाई होती.

सुट्टीच्या दिवशी भल्या सकाळी आम्ही माळावर पोचलो आणि मी कपाळावर हात मारला. मामांनी गाव बोलावलं होतं! नवा माळ दाखवायला त्यांना याहून चांगलं निमित्त सापडलं नसतं. चैत्रात आमच्याकडे जत्रांचा आणि बैलगाडा शर्यतींचा मोसम. मोकळं रान, पळणारी वस्तू आणि पाहणारी माणसं एकत्र आली की आमच्या लोकांना शर्यतीशिवाय दुसरं काही सुचतच नाही. हलगीवाला आला होता. गुलालाची पिशवी आली होती. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भोंगा बांधला होता आणि शर्यतीच्या घाटात गाड्यांचा पुकारा करणारा गडी माईक फुंकून पाहत होता. मामा पटका बांधून पाहुण्यांना चतुःसीमा दाखवत हिंडत होते.

एक मात्र त्यांनी नीट केलं होतं. सगळी माणसं बाण मारणाऱ्याच्या मागं बसवली होती आणि समोरचा उतार रिकामा ठेवला होता.

जोडीदार अनवाणी पुढं गेला, वाकला, मातीला हात लावला. मोटारसायकल सुरू झाली, हरीण निघालं, आणि भोंगा गरजला, "सुटलं, सुटलं, सुटलं! मामांच्या मालकीच्या माळावरनं पाव्हण्याचं हरीण सुटलं, भिर्रर्रर्र!" हलगी कडाडली. बाण हेकळीत गेला.

दुसऱ्या खेपेलाही तेच. बाण दगडावर आपटला आणि लोकांनी उदार मनानं टाळ्या वाजवल्या.

त्यानं धनुष्य खाली ठेवलं. माझ्याकडे वळून हळूच म्हणाला, "शिकार में चुप रहते हैं, भाई." हा आज संध्याकाळी बापाला काय सांगणार? उद्या गाडीत बसणार. मी तरातरा जाऊन भोंग्याची वायर उपटली. पुकारेवाल्याची आणि माझी जुंपणार एवढ्यात मामा ट्रॉलीवर चढले.

"ए, चूप बसा समदी! ह्यो गाडा न्हाई, शिकार हाय. त्याच्या देशात अशी गप राहून करत्यात. आता जो बोलंल त्यानं माझ्या रानातनं निघायचं."

आपल्या रानातून कुणाला तरी निघायला सांगण्याची मामांची ही पहिलीच संधी होती, आणि ती त्यांनी जोरात घेतली. गाव गप्प झालं. इतकी माणसं इतकी गप्प मी मंगलाष्टकांनाही पाहिली नाहीत. दूर उसात कुठंतरी तित्तर ओरडत होतं, तेवढंच.

हरीण पुन्हा निघालं. तो त्याच्याबरोबर वळत गेला, सावकाश, श्वास धरून. बाण कधी सुटला ते मला दिसलं नाही. थप्प असा आवाज आला. बाण हरणाच्या बरगडीत रुतला, गोणपाट उभं फाटलं, आणि पळत्या हरणाच्या पोटातून भुईमुगाच्या शेंगा गळायला लागल्या. आख्ख्या माळावर शेंगांची ओळ!

"शिकारीत वाटायला काय तरी नगं व्हय?" मामी मागून म्हणाल्या.

मग कुणाला धरवतंय? पोरं, म्हातारी, पुकारेवाला, सगळेच धावले. तेवढ्यात माझा मुखदुर्बळ जोडीदार असा ओरडला की भोंग्याची गरजच राहिली नाही. "रुको! सबका बराबर! पहले जमीन का!"

मला वाटलं, हे आता समजावून सांगावं लागणार. पण आमच्याकडे चारजण मिळून बकरं कापतात तेव्हा मटणाचे वाटे घालतात, रतीभर इकडंतिकडं चालत नाही. "वाटं घालायचं म्हनतोय त्यो," एक आप्पा म्हणाले, आणि लगेच ताडपत्री अंथरली गेली. शेंगा वेचून त्यानं आणि आप्पांनी मांडी घालून सारखे वाटे घातले. पहिला वाटा मामांनी स्वतः नेऊन बांधावरच्या दगडापाशी ठेवला. परत येताना ते कधी नव्हे ते कुणाला चतुःसीमा दाखवत नव्हते. वाट्याला मूठमूठच आली. मी माझ्या जागेवरच संपवल्या. जोडीदारानं एकही शेंग फोडली नाही. सगळ्या रुमालात बांधून खिशात घातल्या. "खा की," मी म्हटलं. तो नुसता गुलालानं माखलेल्या तोंडानं हसला.

संध्याकाळी बूथवर गेलो. तो त्यांच्या बोलीत भडाभडा बोलत होता. मला "मामा" आणि "मांडवगण" एवढंच कळत होतं. मग तो थांबला. पलीकडचं ऐकता ऐकता त्याचा चेहरा उतरला.

"पूछता है, घास का हिरण, ये कैसा शिकार?"

म्हातारा चुकीचं विचारत नव्हता. माझ्या डोळ्यांसमोर रिकामी खोली आली. तेवढ्यात पलीकडून पुन्हा काहीतरी विचारलं गेलं आणि जोडीदार ताठ उभा राहिला. "बाँटा," तो म्हणाला. "सबको. पहले जमीन को." मग रिसीव्हर माझ्या हातात कोंबला.

म्हाताऱ्याचा आवाज खरखरीत होता, पण हिंदी साफ. "बेटा, सबको मिला. मेरा हिस्सा?"

मी जोडीदाराकडे पाहिलं. त्यानं खिशातून रुमालाची गाठ काढून माझ्यापुढं धरली.

"रखा है, बाबा!" मी इतक्या जोरात ओरडलो की बूथवाला आत डोकावला. "आपका हिस्सा रखा है!"

पलीकडं म्हातारा हसला. "तो शिकार हुआ," म्हणाला. "उसको बोलो, काम पे जाए."

मी ते सांगितलं, आणि रिसीव्हर त्याला देऊन पटकन बाहेर येऊन उभा राहिलो, कारण तो आत रडायला लागला होता आणि मलाही आवरेना.