खाली सही : तुम्हारी दीदी

सहा आठवडे झाले. नोएडाच्या फ्लॅटमध्ये मी मेथी निवडत होते आणि अरविंदचा फोन आला. "दीदी, मिलिंद नहीं रहा." मिलिंद माझा धाकटा भाऊ, अरविंद त्याचा पंचवीस वर्षांपासूनचा जोडीदार. फोन ठेवला आणि मी निवडलेली पानं पुन्हा काड्यांत मिसळून पहिल्यापासून निवडत बसले... रडू आलं ते दुसऱ्या दिवशी.

आम्ही वाढलो दिल्लीतल्या लक्ष्मीबाई नगरात, बाबांच्या सरकारी क्वार्टरमध्ये. नव्वदनंतर घरोघरी नवे चॅनल आले, नोएडात सेक्टरमागून सेक्टर उभे राहिले, आता सगळं खुलं होतंय असं जो तो म्हणायचा. मिलिंद आणि त्याच्यासारखे पाच-सहा जण मात्र रविवारी दुपारी मुनिरक्यातल्या भाड्याच्या खोलीत कडी लावून बसत. पुरुषानं पुरुषावर प्रेम करायचं तर पोलिसांची भीती होती, आणि त्याहून जास्त घरच्यांची. त्यांनी पोस्टात एक बॉक्स घेतला होता. त्यात कुठून कुठून घाबरलेल्या मुलांची पत्रं येत. उत्तर धाडावं तर घरचे आधी फोडणार, म्हणून मिलिंदनं शक्कल काढली की उत्तर एखाद्या मानलेल्या बहिणीचं वाटावं. "ताई, तुझं अक्षर बिल्कुल बहिणीसारखं आहे, यार." "मग मी कोण आहे रे, गाढवा?" असं म्हणून मी लिहायला बसले ती दोन वर्षं लिहीत राहिले. निळ्या इनलँड पत्रावर हिंदीत खुशाली, थंडी-ऊन, आणि शेवटी ठरलेली ओळ : तू अकेला नहीं है. खाली सही, तुम्हारी दीदी.

पाठवणाऱ्याच्या जागी बॉक्स नंबर घालायचा असे. एकदा सवयीनं मी क्वार्टरचा पत्ता लिहिला. ज्याला लिहिलं तो मुलगा घर सोडून गेला होता, पत्र परत आलं ते थेट बाबांच्या हातात. माझं लग्न नुकतंच ठरलं होतं. "कोण हा? कधीपासून चाललंय?" बाबांनी पुरतं न वाचताच पत्र मधोमध फाडलं. मिलिंद पुढे झाला. "बाबा, तिचा संबंध नाही. ते माझं आहे." आणि त्यानं सगळं सांगून टाकलं. तासाभरात तो बॅग घेऊन दारात उभा होता. माझ्याकडे बघत होता. मी पडदा धरून उभी राहिले, एक शब्द बोलले नाही. माझं लग्न थाटात झालं, त्यात तो नव्हता. पुढे आम्ही भेटत राहिलो, पण त्या दिवसाबद्दल मी कधी बोलले नाही आणि त्यानंही कधी विचारलं नाही. या भित्रेपणाची मला आजही लाज वाटते.

गेल्या रविवारी अरविंदबरोबर मिलिंदचं कपाट आवरलं. इस्त्रीच्या शर्टांखाली निळा, पिवळट पडलेला कागद होता, बाबांनी फाडलेल्या त्या इनलँडचा खालचा अर्धा तुकडा. माझंच अक्षर : तू अकेला नहीं है. तुम्हारी दीदी.

"ये यहीं रहने दीजिए," अरविंद म्हणाला. "घर छोड़ते वक्त आपने दी थी ना उसको? सबको दिखाता था."

मी काही दिलं नव्हतं. जमिनीवर पडलेला तो तुकडा मिलिंदनंच उचलला असणार... मी अरविंदला "हां" म्हटलं आणि कागद होता तसा शर्टांखाली ठेवला.