मला दादा नाही म्हणाली

१९९८च्या हिवाळ्यात सिन्नरहून कॉम्प्युटर क्लासला येणाऱ्या एका मुलीने नाशिकच्या बसस्टँडवर मला थांबवून एक विनंती केली. आम्ही ती मानली नाही.

आम्ही तिघे एका खोलीत राहायचो. एक देवळ्याचा, एक सटाण्याचा, मी कळवणचा. तिघेही त्याच क्लासला होतो. खोलीत एक नियम होता. एखाद्याने मुलगी आवडल्याचं आधी सांगितलं, की बाकीच्यांसाठी ती वहिनी. मुलीला विचारायचं कुणाच्या डोक्यात येत नसे. हिच्याबद्दल देवळ्याच्या मित्राने आधी सांगितलं होतं. तो तिच्याशी एकदाही बोललेला नव्हता. ती गाडीतून उतरली की आम्ही दोघे त्याला कोपर मारून म्हणायचो, "वहिनी आल्या." तिला ऐकू जाईल इतपत आवाज चढवायचो.

त्या दिवशी ती सरळ माझ्यापुढे आली. मित्र शेजारीच उभा होता. त्याच्याकडे तिने पाहिलं नाही.

"दादा, एक सांगू? ह्या गाडीला आमच्या गावची माणसं असतात. तुम्ही जे ओरडता ते घरी कळलं, तर माझा क्लास बंद होईल. तेवढं नका म्हणू."

"बरं," मी म्हणालो.

ती गेली. मित्राचा चेहरा लाल झाला होता. मला वाटलं, ओशाळला. नंतर मिसळ खाताना तो बोलला.

"तुला दादा म्हणाली."

"हो."

"मला नाय म्हणाली."

सटाण्याच्या मित्राला हसताना ठसका लागला. "म्हणजे भाऊ, तुमचं जमलं."

"लय हुशार हाय ती. चारचौघांत माझ्याशी कशी बोलेल?"

ती काय मागून गेली, ते मी नीट ऐकलं होतं. मी म्हणालो, "मग आजची मिसळ तुझ्याकडून."

दुसऱ्या दिवशी ती उतरली तेव्हा पहिला आवाज माझा होता. तिच्यामागून उतरणाऱ्या एका टोपीवाल्या गृहस्थांनी आमच्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. ती न थांबता चालत राहिली.

त्यानंतर ती त्या गाडीने आली नाही. क्लासमध्ये मात्र आमच्या आधी बसलेली असायची. मित्राच्या मते ती लाजत होती. आम्ही ते मान्य केलं.

काही दिवसांनी सकाळी दूध आणायला निघालो तेव्हा क्लासवरून गेलो. शटर बंद होतं. पायरीवर ती बसली होती, हात स्वेटरच्या बाह्यांत ओढून घेतलेले, मांडीवर डब्याची पिशवी. मला पाहून तिने मान खाली घातली. मी रस्त्याच्या पलीकडच्या बाजूने पुढे गेलो.

सिन्नरची पहिली गाडी अंधारात सुटायची. क्लास नऊला उघडायचा.