आत्या, मोर आणि सोलापूरची टेकडी

एका डोळ्याचं दिसणं गेलं आणि दुसऱ्यावरही साय धरू लागली, तशी आत्यानं फर्मान काढलं, "मला मोर दाव. समदं अंधारायच्या आत." आमच्या केम गावच्या शिवारात मोर ओरडायचा. पण आत्या "कुटं हाय, कुटं हाय?" करत धावायची आणि मोर पसार व्हायचा.

सोलापुरात वस्तीला लागूनच जंगलखात्यानं राखलेली टेकडी आहे. तिथं मोर हमखास, असं ऐकून फाल्गुनात आम्ही सकाळची पॅसेंजर धरली. जाणाऱ्यांनी भाकरी बांधून न्यावी, वर चहासुद्धा मिळत नाही. टांग्याचं भाडं स्टेशनावरच ठरवावं. आम्हाला हुसेनभाई टांगेवाले भेटले. भला माणूस! टांगा पायथ्याशी सोडून आत्याचा हात धरून वर आले.

चढ सोपा, पण खडी घसरते. माथ्यावरून किल्ल्याचे बुरूज, तळं, गिरण्यांच्या चिमण्या दिसतात. मी एकेक दाखवत होतो आणि आत्या "व्हय, व्हय" म्हणत होती, नेमकी उलट्या दिशेला बघून. हसू दाबून मी तिला खांद्याला धरून वळवलं.

बोरीच्या सावलीत बसलो. "कवा येतोय रं त्यो?" आत्याचं कुजबुजणं म्हणजे दवंडीच.

हुसेनभाईंनी हात जोडले. "अम्मा, जरा धीरे. असं बोललं तर मोर हैदराबादला जाईल की."

दुपार कलली. कंटाळून भाकरीचं फडकं सोडलं. मी पाणी ओतायला वळलो तोच आत्या किंचाळली, "हाड! हाड! कुणाची कोंबडी ही? बोटाला टोचली की मेली!"

पाहतो तर लांबलचक पिसारा फरफटत मोर झुडपात शिरत होता. चोचीत भाकरीचा तुकडा.

हुसेनभाई माझ्याकडे बघू लागले, मी त्यांच्याकडे. सांगावं की गप्प बसावं? शेवटी म्हणालो, "आत्या, ती कोंबडी नव्हती. मोर होता."

आत्यानं डोळ्यांना पदर लावला. मग म्हणाली, "निळं निळं हाललं खरं. मला वाटलं, कुणी लुगडं वाळत घातलंय." हुसेनभाईंना हसू आवरेना, मग मला, मग तिलाही.

त्यानंतर उतरायची वेळ होईपर्यंत ती तळहातावर भाकरी कुस्करून धरून बसली. शब्द नाही. मोर काही परत आला नाही.

आता आत्याला फक्त उजेड-अंधार कळतो. मला तो पाठमोरा पिसारा आठवतो, आणि तिला तो धड दिसलाही नाही याची चुटपुट लागते. तिला मात्र नाही. शेजारीण विचारते, "आत्या, बगितला का मोर?"

"बगायचं काय त्यात?" आत्या म्हणते. "माज्या हातची भाकरी खाऊन गेलाय त्यो."