कंपूपर्यंतची मिरवणूक

कडुलिंब फुलल्याचा वास आला की मला नया बाजारातली एक सकाळ आठवते. मध्यभारत मोडून नवं राज्य झालं, कचेऱ्या भोपाळला गेल्या आणि वडीलही बदलीवर गेले. मागे राहिलेल्या आईला धाप लागायची; डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं होतं, पण ती घराबाहेर पडायलाच तयार नव्हती. शेजारच्या निवृत्त शिक्षिका गल्लीतल्या बायकांना रोज कंपूपर्यंत, म्हणजे जुन्या लष्करी छावणीच्या भागापर्यंत, फिरायला नेत. त्या सकाळी बाई सगळ्यांना घेऊन आमच्या दारात आल्या. "माझ्यामुळे तुमचा खोळंबा होईल हो," आई म्हणाली. "मग तुम्ही पुढे चला वहिनी, आम्ही मागून येतो," बाई म्हणाल्या. आई पदर खोचून निघाली. मी तिचा हात धरला होता. दर थोड्या वेळाने ती थांबे आणि सगळ्या थांबत. सायकलवरच्या दूधवाल्याने विचारलं, "माताजी, जुलूस किधर चला?" "कंपू! तबियत बनाने!" आई धापा टाकत म्हणाली आणि कित्येक महिन्यांनी खळखळून हसली. आम्ही कंपूला पोचलो तेव्हा ऊन चांगलंच वर आलं होतं. त्या दिवशी त्या प्रत्येकीच्या घरी स्वयंपाकाला उशीर झाला असणार, हे मला स्वतःचा संसार केल्यावर कळलं. तेव्हा एकीनेही तसं जाणवू दिलं नव्हतं.