आठ दिवसांचं पाणी

आमचं घर दिग्रसच्या बाहेर, नव्या लेआउटात. आम्ही प्लॉट घेतला तेव्हा मागे कपाशीची पराटी उभी होती आणि नळ एक दिवसाआड यायचा. मग पराटीच्या जागी घरं आली. वस्ती वाढली तशी नळाची पाळी लांबत लांबत आठव्या दिवसावर गेली आणि घराघरांत निळे ड्रम वाढले.

त्या ड्रमांत अळ्या आहेत का, हे बघायला आरोग्य केंद्राची आशाताई यायची. दिसल्या की ड्रम रिकामा करायला लावायची. आठ दिवसांनी मिळालेलं पाणी कोण सांडू देणार? मी मोठा ड्रम मुलीच्या खोलीत कपाटाआड ठेवला. झाकण कधीचंच फुटलं होतं. आशाताई गल्लीत दिसली की वर फळी टाकून गोधड्या रचायच्या आणि दारातच सांगायचं, "नाही जी, मोठा ड्रम नाही आमच्याकडे." एवढ्यावर थांबले तर मी कसली? शेजारच्या काकूंनाही ही युक्ती मीच शिकवली. मोठा पराक्रम केल्यासारख्या आम्ही दोघी हसलो होतो.

पंधरवड्यानं माझी बारा वर्षांची मुलगी तापली. डेंग्यू निघाला. यवतमाळच्या दवाखान्यात तिच्या पेशी उतरत होत्या आणि मी उशाशी बसून घराशेजारच्या मोकळ्या प्लॉटमधल्या डबक्याला शिव्या घालत होते. ती बरी झाली. घरी आल्यावर मी ड्रममध्ये टॉर्च मारला. आम्ही नसताना नवऱ्यानं जुन्या पाण्यावरच नवं भरलं होतं. त्या नितळ पाण्यात अळ्या वळवळत होत्या, मुलीच्या पलंगापासून दोन हातांवर. मला माझीच लाज वाटली, आणि रागही आला.

तशीच आशाताईकडे गेले, खरं ते सांगितलं. ती रागावली नाही, हे जास्त लागलं. "नुसतं गाळून जमत नाही ताई," ती म्हणाली. "अंडी कडेले चिकटून रायते. ड्रम घासून वाळवाच लागते."

तिथून काकूंकडे. त्यांची सून पाचव्या महिन्यात होती आणि ड्रम तिच्याच खोलीत होता.

"आमच्या घरी कुठं ड्रम हाये?" काकू म्हणाल्या.

"काकू, तो तिथं ठेवाले मीच सांगतलं तुमाले."

"असन. पण भरला ड्रम कोनी सांडते काय? नळाले अजून पाच दिवस हायेत."

बोलून भागणार नव्हतं. नवऱ्याला हाक मारली, दोघांनी आमचा ड्रम ओढत अंगणात आणला आणि काकूंच्या डोळ्यांदेखत मी तो कलंडवला. पाणी रस्त्यावरून वाहत गेलं.

"आता पाच दिवस काय करशीन?" काकूंनी विचारलं.

"मागीन चार घरी. पण कोनाच्या लेकीले दवाखान्याच्या त्या खाटेवर नाही पाहाचं मले आता."

नारळाचा काथ्या घेऊन मी ड्रम घासायला बसले. काकू आत गेल्या. मी म्हटलं, काकू काही ऐकत नाहीत. मी घासत राहिले. एका घरानं नाही ऐकलं तर पुढचं होतं.

मग आतून त्यांची हाक आली, "ये वं इकडं. एकटीच्यानं नाही सरकत हा. अन् सुनेले मी हात लावू देत नाही."