मेश्राम साहेबांचे दोन तास

कात्रजच्या एका सोसायटीच्या पार्किंगमध्ये मी स्कूटरवर बसले होते आणि माझा फोन वाजत नव्हता. वाजायला हवा होता. वर तिसऱ्या मजल्यावर मेश्राम साहेब घरात एकटे होते. मॅडम, म्हणजे त्यांच्या पत्नी, बाहेर पडल्या की थोड्या वेळाने ते स्पीकरला हाक मारून मला फोन लावणार, असं आमचं ठरलं होतं. मॅडम माझ्यासमोरून रिक्षात बसून गेल्या त्याला बराच वेळ झाला होता.

मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे. आजारपणानंतर किंवा अपघातानंतर माणसाला रोजची कामं पुन्हा करता यावीत, ते बघणं हे माझं काम. मेश्राम साहेब पाटबंधारे खात्यातले निवृत्त इंजिनिअर, मूळचे भंडाऱ्याकडचे. माळ्यावरची सूटकेस काढताना शिडीवरून पडले आणि मानेत मणका दुखावला. मानेखाली जवळजवळ काहीच हलत नाही. डोकं मात्र तल्लख आणि जीभ त्याहून.

मॅडम शाळेत शिकवतात. रजा संपत आली होती. सकाळचा अटेंडंट गेल्यावर मॅडम शाळेतून येईपर्यंत दुपारचे दोन तास रिकामे राहत होते. त्या वेळेला दुसरा माणूस ठेवा, असं सगळ्यांनी सांगून पाहिलं. साहेबांनी ऐकलं नाही.

"दिवसभर कोणी ना कोणी माझ्याकडे बघून राहते," ते म्हणाले. "दोन तास मला एकटं सोडा ना बाप्पा. आणि माझ्यामुळे हिनं शाळा सोडायची नाही. तसं झालं तर मी कोणाशीच बोलणार नाही, सांगून ठेवतो."

मॅडम मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "ते एकटे सुरक्षित राहतील असं तुम्ही लिहून देणार असाल तर मी जाईन. नाहीतर राजीनामा टाइप करून ठेवलाय."

म्हणून स्पीकर. आवाजावर चालणारा. दिवा, पंखा, टीव्ही आणि मुख्य म्हणजे फोन. मी तीन कंपन्यांचे तीन स्पीकर त्यांच्या बेडरूममध्ये मांडले. मानेच्या दुखापतीत श्वास कमी पडतो, आवाज बारीक होतो. त्यामुळे गाणी कशी वाजतात याच्याशी मला घेणंदेणं नव्हतं. पंखा फुल, स्वयंपाकघरात कुकर, आणि साहेबांचा तो बारीक आवाज. कोण ऐकतो?

पहिला दिसायला झकास, आवाजही भरदार. पण पंखा लावला की ठार बहिरा. दुसऱ्याला स्क्रीन होता आणि कॅमेरा. त्याने उत्तम ऐकलं. साहेबांनी कॅमेरा बघितला आणि म्हणाले, "हा नको. बघणाऱ्यांत आणखी एक वाढला." तिसरा सगळ्यात स्वस्त, गाणी वाजवली तर डब्यात वाजल्यासारखी. पण कुजबुजलं तरी ऐकायचा. मराठी तिघांनाही धड येत नव्हतं, तेव्हा हिंदीवर भागवलं. "मराठी माणसाच्या घरात येऊन हिंदी बोलून राहिला," साहेब म्हणाले, "म्हणजे पुण्यात रुळला."

तिसरा ठरला. कुणी चुकून बंद करू नये म्हणून बेडरूममधल्या त्याच्या बटणावर मी जाड टेप लावली. आठवडाभर त्याने एकही हाक चुकवली नाही. आज पहिली खरी चाचणी होती. आणि फोन वाजत नव्हता.

मी मोबाइलवर त्या स्पीकरचं अ‍ॅप उघडलं. स्पीकरच्या नावापुढे 'ऑफलाइन'. लिफ्ट कोणीतरी वर अडवून ठेवली होती. त्या माणसाला मनातल्या मनात काय वाटेल ते बोलत मी जिने चढले. मॅडमनी दिलेल्या किल्लीने दार उघडलं.

आत शिरले तर बेडरूममधून स्पीकरचा तो गोड हिंदी आवाज. इंटरनेट उपलब्ध नाही, कृपया थोड्या वेळाने प्रयत्न करा.

साहेबांचा चेहरा लालभडक. कपाळावरून घाम ओघळत होता.

"डोकं... फुटून राहिलं," ते कसेबसे म्हणाले.

मला काय झालंय ते कळलं. मानेच्या दुखापतीत लघवीसाठी बहुतेकदा कायमची नळी लावलेली असते. ती कुठे दुमडली की मूत्राशय तुंबतं. माणसाला खाली काही जाणवत नाही, पण शरीराला कळतं आणि रक्तदाब झपाट्याने चढतो. वेळेत उतरला नाही तर मेंदूत रक्तस्रावसुद्धा होऊ शकतो. मी पलंगाची डोक्याकडची बाजू वर केली, पाय खाली सोडले, चादर ओढून काढली. नळी मांडीखाली दबून दुमडली होती. ती सरळ करताच पिशवी भरायला लागली.

थोड्या वेळाने रंग उतरला. प्रेशर मोजलं, पुन्हा मोजलं. खाली आलं तेव्हा मी पलंगाच्या कडेला बसले आणि चक्क रडले.

"मी मेलो नाही अजून," साहेब म्हणाले. "पाणी द्या."

पाणी आणायला हॉलमधून गेले तेव्हा दिसलं. बेडरूममध्ये टेप जागेवर होती. हॉलमधल्या बोर्डावरची बटणं मात्र ओळीने बंद. राउटर, म्हणजे घरभर इंटरनेट देणारी डबी, त्याच बोर्डावर होती.

मॅडमना फोन केला. त्या आल्या, बोर्डाकडे बघितलं आणि कपाळाला हात लावला.

"मीच केलं. अहो, बाहेर पडताना हात जातोच. गॅस, नळ, बटणं. त्याशिवाय चप्पल घालताच येत नाही मला."

"पडायच्या आधी मी हॉलमध्ये पेपर वाचत बसायचो, तरी पंखा बंद करून जायची ही," आतून आवाज आला.

"तुम्ही गप्प बसा हो!" मॅडम ओरडल्या, आणि मग त्यांना रडू आवरेना. "नको ती शाळा. मी राजीनामा पाठवते."

मी आमच्या डॉक्टरांना फोन केला. रिहॅब सेंटरचे ते प्रमुख, माझे बॉस.

"ट्रायल बंद," ते म्हणाले. "मॅडमना घरी थांबायला सांगा."

"किती वर्षं, सर?"

"पेशंट जिवानिशी गेला असता!"

"गेला असता. पण त्यासाठी बाईंची नोकरी का घालवायची? मला आणखी एक संधी द्या."

"देतो. पण त्या दिवशी मी स्वतः येणार. आणि काय करणार ते सांगणार नाही."

इलेक्ट्रिशियनने राउटर बेडरूममध्ये आणला आणि राउटर-स्पीकर दोन्हींना बटण नसलेलं सॉकेट दिलं. वीज गेली तरी चालावं म्हणून छोटी बॅटरी जोडली. नळी मांडीवर पट्ट्याने बांधली आणि बाहेर पडण्याआधी ती मॅडमनी तपासायची असं ठरलं. शिवाय उशीपाशी एक साधी बेल. गालाने दाबायची, इंटरनेट लागत नाही. ती वाजणार समोरच्या जोशी काकूंच्या घरात; घराची एक किल्लीही त्यांच्याकडे दिली.

"वाजली की येईन," काकू म्हणाल्या. "उगाच वाजवलीत तर येऊन बोलेन."

चाचणीच्या दिवशी डॉक्टर आले. मॅडम बाहेर पडल्या. डॉक्टर सरळ बेडरूममध्ये गेले, राउटरची वायर उपटली आणि खुर्ची ओढून बसले. साहेबांनी स्पीकरला हाक मारली. इंटरनेट उपलब्ध नाही. पुन्हा हाक. तेच उत्तर. मला बोलायची परवानगी नव्हती. साहेबांनी माझ्याकडे बघितलं, डॉक्टरांकडे बघितलं, आणि मान वळवून गाल दाबला.

समोरचं दार उघडल्याचा आवाज आला. काकू हाताला कणीक तशीच घेऊन आत आल्या.

"काय झालं?"

"काही नाही," साहेब म्हणाले. "डॉक्टरांनी वायर काढली."

काकूंनी डॉक्टरांकडे असं काही बघितलं की त्यांनी मुकाट्याने वायर परत लावली. साहेब दोन तास एकटे राहू शकतात, अशा कागदावर संध्याकाळी डॉक्टरांनी सही केली.

मॅडम शाळेत परत रुजू झाल्या त्या दिवशी दुपारी मी सेंटरमध्ये होते. स्पीकरवरून फोन आला.

"काय झालं साहेब?"

"ही शाळेतून तिसऱ्यांदा फोन करून राहिली. तिला सांगा, मुलांना शिकव. मी इथे एकटा मजेत आहे."

लोक मला विचारतात, घरासाठी कुठला स्पीकर घ्यावा? मी उलट विचारते, इंटरनेट गेलं तर हाक कोण ऐकणार? उत्तरात एखाद्या माणसाचं नाव आलं, तर कुठलाही घ्या.