तिचं दाभण

तिच्या पेटीत गोधड्या शिवायचं दाभण सापडलं. त्याला अजून चामड्याचा वास येतो. साठ सालानंतर मी जर्मनीत कारखान्यात फिटर होतो. ही लग्न होऊन नवीनच आलेली, थंडीला वैतागून रोज म्हणायची, "मला घरी पाठवा." शेवटी मी तिकिटाची चौकशी केली. आमच्या खाली लिथुआनियाचा एक निर्वासित राहायचा. दुसऱ्या महायुद्धात रशियानं देश घेतला, गाव सुटलं, पण त्या लोकांनी आपला आइस हॉकीचा क्लब इथल्या गोठलेल्या तळ्यावर पुन्हा उभा केला होता. हा त्यांचा गोलकीपर. म्हणायचा, "देश गेला, क्लब तरी ठेवू." त्याचे पायाचे चामड्याचे पॅड फाटले, नवे परवडेनात. हिने आत जुनं लुगडं कोंबून ते गोधडीसारखे शिवून दिले. रविवारी मॅच बघायला आली. चेंडूऐवजी असते ती रबरी चकती पॅडवर आदळली की ओरडायची, "अहो, माझी शिवण!" एक टाका सुटला नाही. परतताना मी तिकिटाचं काढलं, तर म्हणाली, "राहू द्या. पुन्हा उसवले तर त्याला कोण शिवून देईल?" तिला देवाघरी जाऊन चार महिने झाले. माझी गोधडी उसवलीय. दाभणात दोरा ओवलाय, पण तिच्या टाक्यांशेजारी माझा टाका घालायला हात धजत नाही.